तमालपत्र : एका चिवट पानाची ओळख आणि पारख

खड्या मसाल्यातले बहुतेक जिन्नस बी, फळ, कळी, साल किंवा कंद या स्वरूपाचे असतात. वाळवलेले अखंड पान म्हणून ज्यांनी तिथे जागा मिळवली असे जिन्नस मोजकेच आहेत आणि त्यांत तमालपत्राचा मान पहिला आहे. हिंदीत तेजपत्ता किंवा तेजपात म्हणून ओळखले जाणारे हे पान ज्या झाडाचे आहे त्याचे शास्त्रीय नाव सिनॅमोमम तमाला असे असून, दालचिनीचे झाड आणि हे झाड एकाच प्रजातीतले, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने अगदी जवळचे नातेवाईक आहेत. हे नाते पानाच्या वासातही उतरलेले असते, कारण चांगले तमालपत्र मोडले की दालचिनी आणि लवंग यांच्या मधला एक ऊबदार गंध नाकाला जाणवतो. या पानाबद्दल स्वयंपाकघरात जे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणजे ते कसे वापरावे, चांगले कसे ओळखावे आणि खाल्ले तर काही अपाय होतो का, त्या तिन्हींची उत्तरे पानाच्या घडणीतच दडलेली आहेत. त्यामुळे आधी ती घडण पाहणे सोयीचे ठरते.

तमालपत्र हातात धरून उजेडाकडे केले की देठापासून निघून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. मधली शीर सरळ जाते, बाजूच्या दोन कडेला समांतर वळण घेत टोकाकडे झुकतात, आणि या तीन शिरांच्या मधल्या भागात बारीक आडव्या शिरांची जाळी असते. पान साधारण १० ते १५ सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळते आणि वरच्या बाजूने किंचित तुकतुकीत असते. त्या तुकतुकीचे कारण म्हणजे पानावरचा मेणचट थर, जो झाडावर असताना पानातले पाणी उडून जाऊ देत नाही आणि पान वाळल्यावर आतला सुगंध धरून ठेवतो. सुगंध असतो तो पानाच्या गरात विखुरलेल्या तैलपेशींमध्ये. प्रत्येक तैलपेशी ही बाष्पनशील तेलाने, म्हणजे सहज वाफ होऊन उडणाऱ्या तेलाने भरलेली एक बंद कुपी असते. या कुप्यांभोवती आणि विशेषतः शिरांभोवती लिग्निन नावाच्या काष्ठद्रव्याने ताठ झालेले तंतू असतात. पालक किंवा मेथी शिजून मऊ होते, कारण तिच्या पेशींना जोडणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते. काष्ठद्रव्य मात्र तासभर उकळूनही विरघळत नाही. म्हणून तमालपत्र कितीही शिजवले तरी पानच राहते. हाच चिवटपणा त्याचा गुण आहे आणि त्याचा धोकाही आहे.

हे झाड हिमालयाच्या पायथ्यापासून मधल्या उंचीच्या डोंगरउतारांवर, नेपाळात, तसेच मेघालयातील खासी व जैंतिया टेकड्यांवर आणि आसामच्या डोंगराळ भागात वाढते. ते सदाहरित असून त्याची कोवळी पालवी गुलाबीसर असते आणि जून होता होता हिरवी होते. लागवड केलेल्या झाडाची पाने तोडण्याजोगी व्हायला साधारण दहा वर्षे जावी लागतात, पण एकदा तोडणी सुरू झाली की झाड पुढे कित्येक दशके उत्पन्न देते; अशक्त किंवा म्हाताऱ्या झाडांना एक वर्षाआड विश्रांती देण्याची पद्धत आहे. तोडणीचा हंगाम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे मार्चपर्यंत चालतो. सततच्या पावसात पानांचा वास मंदावतो, असा पिकवणाऱ्यांचा अनुभव असल्यामुळे ओल्या दिवसांत तोडणी टाळतात. पानांसकट लहान डहाळ्या कापून तीन-चार दिवस उन्हात वाळवल्या जातात, मग त्यांच्या जुड्या बांधून त्या बांबूच्या जाळीदार पाट्यांत भरून बाजाराकडे रवाना होतात. उत्तराखंडातील तेजपाताला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. एखाद्या मालाचा गुण त्याच्या प्रदेशाशी जोडलेला असल्याची ही कायदेशीर मान्यता होय. या मान्यतेमागे केवळ अभिमान नाही. एकाच जातीच्या झाडांतही तेलाची घडण प्रदेशागणिक बदलते. काही झाडांच्या पानांत लवंगेचा वास देणारे युजेनॉल वरचढ असते, काहींत दालचिनीचा वास देणारे सिनॅमाल्डिहाइड, तर काहींत फुलांसारखा मंद वास असणारे लिनालूल. मुंबई-पुण्याच्या किराणा दुकानात हे सारे एकाच नावाने आणि बहुधा एकाच पोत्यातून विकले जाते, त्यामुळे मागच्या वेळच्या पानांपेक्षा या वेळची पाने वेगळी लागली तर दुकानदाराने फसवले असा निष्कर्ष लगेच काढण्याचे कारण नाही.

या पानाचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी मार्गदर्शिकेत मलबाथ्रम नावाच्या पानाचा उल्लेख गंगेच्या मुखाकडून आणि मलबार किनाऱ्यावरील बंदरांतून होणाऱ्या निर्यातीत येतो, आणि ग्रंथाच्या शेवटी ही पाने पूर्वेकडील डोंगरी लोकांकडून कशी मिळतात व त्यांचे मोठे, मध्यम आणि लहान असे तीन प्रतींचे गोळे कसे वळतात याचे वर्णन आहे. बहुतेक अभ्यासक मलबाथ्रम म्हणजे तमालपत्रच असे मानतात. रोमन लोकांनी त्याचा मुख्य उपयोग सुगंधी तेलांसाठी केला, तरी अपिशिअसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लॅटिन पाकग्रंथात कालवे आणि शिंपल्यांसोबत खायच्या जिऱ्याच्या आंबटसर कालवणातही हे पान सांगितले आहे. जिरे, मिरे आणि तमालपत्र घालून केलेले शिंपल्यांचे कालवण कोकणातल्या वाचकाला परके वाटू नये. भारतात हे पान वैद्यकातही फार पूर्वीपासून आहे. दालचिनी, वेलची आणि तमालपत्र यांना आयुर्वेदात ‘त्रिजात’ म्हणतात आणि त्यांत नागकेशर मिळवले की ‘चतुर्जात’ होते. च्यवनप्राशात शेवटी मिसळायच्या चूर्णांत हे चारही घटक असतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने यातली गमतीची गोष्ट अशी, की गोड्या मसाल्याच्या पारंपरिक यादीतही हे चारही जिन्नस बहुधा सापडतात. त्या मसाल्याला बाकीच्या गरम मसाल्यांपेक्षा वेगळा, किंचित गोडसर आणि खोल वास येतो त्याचे श्रेय दगडफूल आणि खोबऱ्याला दिले जाते ते योग्यच आहे, पण या चौकडीचा वाटाही त्यात कमी नाही.

तमालपत्राच्या ओळखीत खरा घोळ होतो तो ‘बे लीफ’ या इंग्रजी नावामुळे. युरोपीय पाककृतींत हे नाव लॉरस नोबिलिस या भूमध्य सागराभोवती वाढणाऱ्या झाडाच्या पानासाठी वापरतात. प्राचीन ग्रीसमध्ये विजेत्यांना आणि कवींना ज्या पानांचा मुकुट चढवत ते हेच. कूळ एक असले तरी हे झाड तमालपत्राच्या प्रजातीतले नाही. त्याच्या पानाला एकच मधली शीर असते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना पिसासारख्या उपशिरा फुटतात. पान आकाराने लहान, कडा किंचित लहरदार, आणि वास निलगिरीच्या तेलाकडे झुकणारा, कारण निलगिरीतला सिनिओल हाच त्याचाही मुख्य घटक आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबे तिथल्या सुपरमार्केटमधून ‘बे लीफ’ची बाटली आणून मसालेभात करतात आणि भाताला औषधी वास येतो अशी तक्रार करतात, तिचे मूळ इथे आहे. भारतीय दुकानातली तेजपत्त्याची पुडी मिळत नसेल तर लॉरसचे पान घालण्यापेक्षा दालचिनीचा लहान तुकडा आणि एखादी जास्त लवंग घालणे मूळ चवीच्या अधिक जवळ जाते. उलट बाजूने पाहता, इटालियन रश्श्यात तमालपत्र घातले तर तो बिघडतो असे नाही, पण इटालियन राहत नाही. याखेरीज इंडोनेशियात ज्याला सलाम म्हणतात ते पान जांभळाच्या प्रजातीतले असते, वेस्ट इंडीजमधले ‘बे’ हे ऑलस्पाइसचे भाऊबंद असते, आणि कॅलिफोर्नियातले ‘बे’ इतके उग्र असते की त्याच्या वासाने डोके दुखते अशी त्याची ख्याती आहे.

कोकण आणि गोव्यात प्रश्न वेगळाच आहे. तिथे परसात दालचिनीचे झाड असते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात बागायतींत लावली जाते, आणि या झाडांची पाने घरोघर तमालपत्र म्हणून वापरली जातात. दालचिनीच्या पानालाही देठापासून निघणाऱ्या तीन, क्वचित पाच शिरा असतात, पण ते पान अधिक रुंद व चकचकीत असते आणि त्याच्या तेलात युजेनॉलचे प्रमाण खूप असल्याने मोडल्यावर लवंगेचा वास ठळक येतो. शुद्धतेचा फार आग्रह धरणाऱ्याने याला तमालपत्र म्हणू नये, परंतु स्वयंपाकाच्या दृष्टीने ते निर्धोक आणि चवदार आहे. ताजे पान वापरताना ते वाळलेल्यापेक्षा अधिक उग्र व किंचित तुरट लागते एवढे लक्षात ठेवून अर्धे पान घालावे.

आता पाकक्रियेकडे. तमालपत्रातील सुगंधी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेल-तुपात सहज विरघळतात. त्यामुळे पान फोडणीत घालण्याची भारतीय रीत रसायनशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. गरम तेल मेणचट थर मऊ करून पानात शिरते, तैलपेशी फुटतात आणि त्यांतला सुगंध तेलात उतरतो. मग हे सुगंधित तेल भाताच्या प्रत्येक शितापर्यंत किंवा रश्श्याच्या तवंगापर्यंत वास पोचवते. मात्र क्रम सांभाळावा लागतो. मोहरी तडतडायला तेल जितके कडक तापावे लागते तितक्या तेलात पान टाकले तर ते काही क्षणांत काळे पडते आणि पदार्थाला कडवट झाक देते. म्हणून मोहरी-जिरे फुलल्यावर आच कमी करून पान घालावे, त्याच्या कडांभोवती बारीक बुडबुडे येऊन पानाचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकू लागला की लगेच कांदा, भाजी किंवा धुतलेले तांदूळ घालून तापमान खाली आणावे. पान घालण्याआधी दोन तुकडे करावेत, कारण मोडलेल्या कडांतून तेल लवकर आत शिरते; पण बारीक तुकडे करू नयेत, त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा घटक वेळेचा. पान चिवट असल्यामुळे ते आपला वास सावकाश सोडते. दहा मिनिटांत उकळून उतरवलेल्या आमटीत अखंड पान टाकले तर त्याचा परिणाम जवळपास शून्य असतो, आणि ‘तमालपत्राला काही चवच नसते’ हा जो समज काही जणांत आहे तो बहुधा अशाच आमटीतून निर्माण झालेला असावा. मंद आचेवर तासभर शिजणारा मटणाचा रस्सा, दमावर ठेवलेली बिर्याणी, पुलाव, मसालेभात, उसळी, आणि बंगालमध्ये तांदूळ व दूध आटवून करतात तो पायेश, या पदार्थांत पानाला पुरेसा अवधी मिळतो. पायेशाचे उदाहरण विशेष बोलके आहे, कारण त्यात फोडणी नसते. दुधातली स्निग्धता आणि दीर्घकाळ मंद उकळी एवढ्यावर पान दुधाला वास देते, आणि गोड पदार्थात तमालपत्र ही कल्पना ज्यांना विचित्र वाटते त्यांनी ती एकदा खिरीत करून पाहण्यासारखी आहे.

झाकणाचे महत्त्वही याच संदर्भात समजून घ्यावे. युजेनॉलचा उत्कलनबिंदू सुमारे २५४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे उकळत्या पाण्यात ते उडून जाऊ नये असे वाटते. पण पाण्याच्या वाफेबरोबर अशी द्रव्ये कमी तापमानालाही निघून जातात आणि अत्तर काढणारे ऊर्ध्वपातनात याच गुणाचा उपयोग करतात. स्वयंपाकघरभर मसालेभाताचा घमघमाट सुटणे सुखाचे असले तरी तो घमघमाट म्हणजे भातातून वजा झालेला वास असतो. झाकण ठेवून शिजवले, आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडले नाही, तर वाफ आतच थंड होऊन सुगंधासह भातावर परत उतरते.

प्रमाणाबाबत सैल हात उपयोगाचा नाही. दोन वाट्या तांदळाच्या भाताला एक मध्यम पान, फार तर दोन, पुरेसे होते. त्यापुढे पाने वाढवली तर सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही, पानातील तुरट द्रव्ये मात्र उतरत राहतात. मसाला दळताना गोष्ट वेगळी असते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना तमालपत्र चमचाभर तेलात मंद परतून कुरकुरीत करून घेतात, आणि पान हातात घेऊन चुरडल्यावर सहज भुगा झाला तरच ते तयार झाले असे समजतात. ही पायरी घाईत उरकली, तर कांडपातून निघालेल्या मसाल्यात पानाच्या शिरांचे धागे तसेच राहतात. ते दाताखाली येतात आणि घशालाही टोचतात. म्हणून पाने बाकीच्या जिन्नसांपासून वेगळी परतावीत, देठ आणि जाड शीर मोडून काढावी, आणि दळलेला मसाला बारीक चाळणीने चाळून वर उरलेला काथ्यासारखा भाग पुन्हा दळण्याचा हट्ट न धरता टाकून द्यावा.

बाजारात पानाची पारख करताना डोळ्यापेक्षा नाकावर आणि बोटांवर अधिक भिस्त ठेवणे शहाणपणाचे आहे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत किंवा वाशीच्या मसाला बाजारात उघड्या पोत्यांतला माल पाहता येतो ही मोठी सोय आहे. तिथे मूठभर पाने वरून न घेता पोत्यात हात घालून मधून घ्यावीत, कारण वरची पाने उजेडाने फिकी झालेली असतात आणि तळाशी चुरा व काड्या साठतात. चांगल्या मालाचा रंग मळकट हिरवा, ऑलिव्हच्या फळासारखा असतो. संपूर्ण तपकिरी किंवा गवतासारखी पिवळी पडलेली पाने जुनी तरी असतात किंवा फार कडक उन्हात वाळवलेली असतात. रंगाला मात्र शेवटचा निकाल मानू नये. सावलीत वाळवून दोन वर्षे ठेवलेले पान हिरवे दिसू शकते आणि तरी निर्गंध असू शकते.

खरी परीक्षा पान मोडण्यात आहे. नीट वाळलेले पान आडवे दुमडले की कट् आवाज करून तुटते. दुमडून लवचीकपणे परत उलगडले तर ते सादळलेले आहे, म्हणजे हवेतला ओलावा त्याने शोषून घेतला आहे, आणि अशा पानांवर बुरशीचा धोका असतो. तुटलेली कड नाकाजवळ नेताच दालचिनी-लवंगेचा वास यायला हवा. पान बोटांत चुरडून, क्षणभर थांबून, मग पुन्हा वास घेतला तर त्याची खोली कळते. नुसता सुक्या गवताचा किंवा धुळीचा वास आला तर माल संपलेला आहे, आणि कुबट, ओल्या भिंतीसारखा वास आला तर तो टाकाऊ आहे, त्याची किंमत कितीही कमी असो. पानाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. पांढुरकी किंवा करडी भुकटी, जी बोटाने पुसल्यावर डाग ठेवते, ती बुरशी असते; टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे आणि पुडीच्या तळाशी बारीक पीठ दिसले तर मसाल्यांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांनी तिथे घर केले आहे असे समजावे. पानावरचे लहान उंचवटे किंवा फोड मात्र निराळे. झाडावर असताना सूक्ष्म कोळीकीटकांमुळे पानांवर अशा गाठी येतात, त्या वाईट दिसतात आणि त्यामुळे मालाची प्रत खाली येते, पण त्या वाळलेल्या पानामुळे विषबाधा होत नाही.

बंद पाकिटात ही सर्व परीक्षा शक्य नसते. तिथे पाकीट पारदर्शक असेल तर शिरा आणि काड्यांचे प्रमाण पाहावे, पॅकिंगची तारीख वाचावी आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे ना ते पाहावे. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार अख्खे मसाले बुरशी, जिवंत वा मृत कीटक आणि उंदरांच्या संसर्गापासून मुक्त असावे लागतात. १९३७ च्या कायद्यातून आलेली ॲगमार्क ही शेतमालाच्या प्रतवारीची खूण असली तर त्याहून बरे. तमालपत्राची तयार पूड विकत घेणे टाळलेलेच चांगले, कारण पूड झाली की तीन शिरा दिसत नाहीत, छिद्रे दिसत नाहीत, दुसऱ्या झाडाची पाने मिसळली तरी ओळखता येत नाहीत, आणि तैलपेशी फुटलेल्या असल्याने तिचा वासही पानाच्या मानाने फार लवकर उडतो.

सुरक्षिततेचा विचार करताना सर्वांत पहिला गैरसमज दूर करावा लागतो तो असा, की जेवताना पान बाजूला काढून ठेवतात म्हणजे ते विषारी असले पाहिजे. तमालपत्र विषारी नाही. गोड्या मसाल्यातून त्याची पूड पिढ्यान्‌पिढ्या पोटात जात आली आहे. पान काढून ठेवण्याचे कारण यांत्रिक आहे. शिजूनही ताठ राहिलेला पानाचा तुकडा, विशेषतः मोडून टोकदार झालेला, घशात आडवा बसू शकतो किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो, आणि आतड्याला अशा पानाने इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मानवी पचनसंस्था काष्ठद्रव्य पचवू शकत नसल्याने पान जसेच्या तसे पुढे सरकते. म्हणूनच पानाचे बारीक तुकडे न करता दोन मोठे तुकडे करावेत असे वर म्हटले आहे, कारण मोठा तुकडा ताटात दिसतो आणि बाजूला काढता येतो. पंगतीच्या भातात किती पाने घातली ते मोजून ठेवून वाढण्याआधी तितकीच काढणे अवघड नाही; लहान मुले, दात नसलेली वृद्ध माणसे आणि दृष्टी कमी असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी तर ही काळजी घ्यायलाच हवी. पान घशात अडकल्याची शंका आली आणि टोचणे थांबले नाही, तर केळे किंवा भाताचा गोळा गिळून ते खाली ढकलण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण त्याने टोक आणखी रुतू शकते. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते.

खरे विष संभवते ते चुकीच्या पानातून. घराच्या कुंपणाला लावलेली कण्हेर सर्वत्र असते. तिची पानेही लांबट, जाड आणि चामड्यासारखी असतात, आणि तिच्यातील ओलिअँड्रिन हे हृदयाची लय बिघडवणारे द्रव्य वाळवल्याने किंवा उकळल्याने नाहीसे होत नाही. कण्हेरीचे पान अरुंद असते, त्याला एकच मधली शीर असते आणि तिच्यापासून जवळजवळ काटकोनात निघालेल्या असंख्य बारीक समांतर उपशिरा दिसतात. फांदीवर पाने बहुधा तीन-तीन एकत्र येतात. शिरांच्या कसोटीवर कण्हेर सहज वेगळी पडते. काजरा मात्र त्या कसोटीला चकवतो. ज्याच्या बिया कुचला म्हणून ओळखल्या जातात आणि ज्यात स्ट्रिक्निन हे घातक विष असते, त्या कोकणच्या रानातल्या काजऱ्याच्या पानालाही तळापासून निघालेल्या तीन ते पाच ठळक शिरा असतात आणि पान तसेच तुकतुकीत असते. फरक वासाचा आहे, कारण काजऱ्याच्या पानाला चुरडून मसाल्याचा वास येत नाही. त्यामुळे रानातून किंवा अनोळखी झाडावरून तोडलेल्या पानाच्या बाबतीत तीन शिरा दिसल्या एवढ्यावर समाधान मानू नये. शिरा आणि वास या दोन्ही खुणा जुळल्या, आणि झाड जाणत्या माणसाने ओळखून दिले, तरच ते पान स्वयंपाकघरात आणावे.

उरलेले धोके लहान आहेत, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. मसाले उघड्यावर वाळतात, त्यामुळे त्यांवर धूळ आणि साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. उकळत्या रश्श्यात ते मरतात, परंतु कच्ची पूड कोशिंबिरीवर किंवा थंड ताकावर भुरभुरली तर ते संरक्षण राहत नाही. पान वापरण्याआधी ओल्या फडक्याने पुसून लगेच घालावे. धुऊन ठेवलेले पान डब्यात परत गेले तर उरलेल्या पानांनाही ओल लागते. मधुमेहासाठी तमालपत्राची पूड किंवा काढा रोज घेण्याचा जो सल्ला अलीकडे मोबाइलवरून फिरतो, त्याबाबत एवढेच म्हणता येते की फोडणीतले एक पान आणि चमचाभर पूड यांत औषधी मात्रेचा फरक आहे, आणि साखर कमी करणारी गोळी चालू असताना किंवा गरोदरपणात असा प्रयोग वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

साठवणीला उजेड, उष्णता आणि ओल हे तीन शत्रू आहेत. शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलेली मसाल्याची पारदर्शक बरणी हाताशी असते खरी, पण तिथे तिन्ही शत्रू एकत्र भेटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवलेली पाने साधारण वर्षभर चांगला वास धरून ठेवतात. वाफाळत्या पातेल्यावर पुडी उपडी करून पाने काढण्याची सवयही मोडावी, कारण प्रत्येक वेळी थोडी वाफ पुडीत शिरते. तांदळाच्या किंवा डाळीच्या डब्यात पोरकिडे होऊ नयेत म्हणून तमालपत्रे टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती निराधार नाही, कारण युजेनॉलसारख्या द्रव्यांचा वास किड्यांना दूर ठेवतो असे दिसते. परंतु धान्यात आधीच अंडी असतील तर चार पानांनी ती मरत नाहीत, आणि त्यासाठी ऊन देणे, चाळणे व निवडणे यांना पर्याय नाही. डब्यात सहा महिने राहिलेली ती पाने नंतर फोडणीत वापरण्याची काटकसरही निरर्थक ठरते, कारण तोपर्यंत त्यांचा बहुतेक वास तांदळात उतरून उडून गेलेला असतो.